यादीत न लिहिलेलं नाव

कांतीशेठ गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वारूळवाडीच्या आमच्या गोडाऊनसमोर मंडपाच्या भिजलेल्या कनाती वाळत घालत होतो. त्यांच्या मुलाचा फोन होता. हातातली कनात तिथंच टाकून मी नारायणगावला पळालो. त्याला आता महिना होऊन गेला. इतक्या वर्षांची ओळख, आणि त्यांना एक गोष्ट सांगायची राहिली ती राहिलीच...

शेठ कापडाचे व्यापारी. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण बोलणं आमच्यापेक्षाही गावरान. दुकानाला जोड म्हणून विम्याची एजन्सी. नव्वदच्या दशकात आम्हा दोघा भावांचा मंडपाचा धंदा नवा होता. जवळच्या एका गोडाऊनला आग लागली, तेव्हा घाबरून मीच त्यांना बोलावलं. आगीचा विमा काढला की सुटलो, अशी माझी समजूत. शेठ गाद्यांच्या थप्पीवर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "दत्तू, लग्नसराईत तुजा माल कुटं असतो?"

"लोकांच्या दारात."

"मग आग काय रिकाम्या भिंतींला लागनार व्हय? माल भाईर असताना बी इमा पायजे."

एजंट असून गिऱ्हाइकाचीच अशी उलटतपासणी घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ते पटलं, कागद झाला. मग त्यांनी अपघात विम्याचा फॉर्म काढला. मंडप बांधताना वर चढणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्यात लिहायचं होतं. मी पाच गड्यांची नावं सांगितली. शेठचं पेन थांबलं.

"अन् सोपान?"

सोपान माझा धाकटा भाऊ. सगळ्यात उंच तोच चढायचा. पण माझं डोकंच फिरलं. "शेठ, त्यो मालक हाय. गड्यांच्या यादीत माज्या भावाचं नाव लिवता?"

"आरं, बांबूला काय कळतंय, मालक कोन अन् गडी कोन?"

मी ऐकलं नाही. घरच्या माणसाला मजुरांच्या ओळीत बसवणं म्हणजे चारचौघांत त्याचा मान घालवणं, असंच तेव्हा वाटलं. शेठनी पाच नावांवरच फॉर्म पुरा केला. सोपान तिथंच उभा होता, त्याला कुणी विचारलंच नाही.

दोन वर्षांनी अवसरी खुर्दच्या एका लग्नात झालर बांधताना सोपान वरून पडला. पाय वाचला, पण कायमचा आखडला. विम्यातून काही मिळायचा प्रश्नच नव्हता. शेठ दुकान मुलावर सोडून एसटीनं मंचरच्या दवाखान्यात यायचे, खाटेशी बसून मोसंबी सोलून द्यायचे. आज बोलतील, उद्या बोलतील, म्हणून मी धास्तावलेला असायचो. ते बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं हो, रडून मोकळा तरी झालो असतो.

पुढं दरवर्षी विम्याची मुदत संपायच्या आत ते यायचे. सोपान आता खाली उभा राहून कामं सांगायचा, तरी मला न विचारता शेठ पहिलं नाव त्याचंच लिहायचे. मी मान खाली घालून सही करायचो. "शेठ, माजं चुकलं," एवढंच म्हणायचं होतं... दरवर्षी ते चहाबरोबर गिळलं.

गेल्या आठवड्यात त्यांचा मुलगा फॉर्म देऊन गेला. गाद्यांच्या त्याच थप्पीवर आम्ही दोघं भाऊ बसलो. शेठशिवाय पहिल्यांदाच. ती जागा इतकी रिकामी वाटली की पेन उचलवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "त्या दिवशी शेठनी तुला गड्यात धरलं, म्हणून मी वराडलो व्हतो."

सोपाननं फॉर्म स्वतःकडं ओढला. मग म्हणाला, "गड्यात न्हाई, दादा. वर चढनाऱ्यात धरलं व्हतं. तू माजा मान बघितलास. मी पडलो तर काय, ह्ये एकट्या शेठनीच बघितलं."

"माजं चुकलं," मी म्हटलं. इतक्या वर्षांनी शेवटी तोंडातून निघालं. सोपाननं माझ्या पाठीवर हात ठेवला. पण ऐकायला शेठ हवे होते.