आबांचे कान

हे आजवर कुणापुढे बोलले नाही. वेळ आली नाही असं नाही — आली, चार-पाचदा आली, आणि दर वेळी मी दुसरंच काहीतरी बोलून मोकळी झाले. नवऱ्याला माहीत नाही. आमच्या नाटकमंडळात कुणाला माहीत नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही आबांना ओळखत नव्हता, म्हणून असेल.

आबा म्हणजे गोविंदराव. मूळचे शिरड शहापूरचे. गळा चांगला म्हणून सोळाव्या वर्षी संगीत नाटक कंपनीत गेले, पदं म्हणत गावोगाव हिंडले, कंपनी मोडल्यावर सिनेमात आले. तिथे नायक कधीच नव्हते — दिवाण, मुलीचा बाप, न्यायाधीश. पण शिक्षा सांगण्याआधी तो न्यायाधीश जो थांबायचा, तो थांबा लोक घरी करून दाखवायचे. बायको गेल्यावर आबा गावी भाऊ-भावजयीकडे परतले आणि हिंगोलीत आम्हा हौशी लोकांची नाटकं बसवू लागले. आम्ही म्हणजे तीन शिक्षक, एक तलाठी, एक विमा एजंट आणि मी. माझं औषधाचं दुकान आहे. डॉक्टरांचं अक्षर वाचता येतं म्हणून मला प्रॉम्प्टर केलं. आबांनी लिहिलेल्या वह्या त्याहून अवघड होत्या.

सात वर्षं मी विंगेत उभी राहून त्यांना शब्द दिले. खूण ठरलेली होती. उपरण्याच्या काठावरून अंगठा फिरला की शब्द द्यायचा. नाही फिरला तर कितीही वेळ थांबोत, तोंड उघडायचं नाही. विसरलेला थांबा कोणता आणि ठरवलेला कोणता, हे फक्त आम्हा दोघांना कळायचं. लोक दोन्हींना सारख्याच टाळ्या द्यायचे.

मला याचंच कुतूहल होतं. एकदा तालमीत विचारलं — शब्द मिळालाच नाही तर काय करता?

"करतो काय, नवा पाडतो," आबा म्हणाले. "कंपनीत एकदा पाडला व्हता. लेखकापेक्षा बरा निघाला. तूच बघ एकदा, नको देऊ शब्द."

ते चेष्टेत बोलत होते. हे मला तेव्हाही कळत होतं, त्यामुळे त्याचा आधार मी घेणार नाही. पण मी कुठल्याही गोष्टीचं झाकण उघडून बघणारी बाई आहे. नवा शब्द पाडतात म्हणजे काय करतात? तो कुठून येतो? की हे सगळं नटाचं बोलणं?

मग त्यांच्या सत्काराचा प्रयोग आला. दुपारची वेळ, हॉल भरलेला, औंढ्याहूनही माणसं आलेली. आबा राजा झाले होते. भर दरबारात राजा आपल्या मुलाला हद्दपार करतो, तो प्रवेश. आबा बोलता बोलता थांबले. अंगठा काठावरून फिरला.

शब्द माझ्या बोटाखाली होता. मी तो दिला नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या — त्यांचा लाडका थांबा. टाळ्या विरल्या. अंगठा पुन्हा फिरला. मी गप्प. काय करतात बघू — एवढंच डोक्यात होतं, दुसरं काही असल्याचं आठवत नाही. मग आबांनी सरळ मान वळवून विंगेत माझ्याकडे बघितलं. नट असं कधी करत नाही. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, घाबरणं नव्हतं. दुकानात चिठ्ठी देऊन माणूस जसा उभा राहतो, तसे ते उभे होते. आणि मला माझं उत्तर मिळालं. ते नवा शब्द शोधतच नव्हते. सात वर्षांत मी एकदाही चुकवलं नव्हतं. शोधायची सवयच त्यांना उरली नव्हती.

प्रधान झालेल्या मास्तरांनी पुढचं वाक्य ओढून घेतलं आणि प्रवेश कसाबसा संपवला. पडदा पडला. सगळे भोवती.

"सुनंदा, शब्द काहून न्हाई दिला?"

"दिला होता, आबा. दोनदा दिला."

इतकं पटकन आलं की मलाच नवल वाटलं. आबांनी कानात बोट घालून हलवलं. "व्हय का? मग कानच गेला म्हणायचा."

"बरं झालं आबा," तलाठी म्हणाला, "आता भावजयीची बोलणी तर ऐकू येणार न्हाईत." सगळे हसले. आबाही हसले. मीसुद्धा.

नांदेडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वयाच्या मानानं कान उत्तम आहेत. आबांनी ते मानलं नाही. डॉक्टर काय रंगमंचावर उभा राहतो का, म्हणाले. माझी प्रॉम्प्टर खोटं बोलून काय करील? हट्टानं यंत्र आणलं. त्याचे सेल माझ्याच दुकानातून नेत. "सगळं लई मोठ्यानं ऐकू येऊन राहिलं," कुरकुरायचे, "पण बराबर न्हाई." काम मात्र सोडलं ते सोडलं. शब्द ऐकू न येणारा नट दुसऱ्याचा प्रवेश बुडवतो, असं त्यांचं म्हणणं.

इथवर असतं तर एक वेळ गोष्ट वेगळी होती. एक दिवस डोकं फिरलं, एक खोटं बोलले — माणूस बोलतो. पण पुढचं मी विचार करून केलं.

दोन वर्षांनी पुण्याहून सिनेमावाले आले. म्हाताऱ्या गायकाचं काम, सबंध सिनेमाभर. सिनेमाच्या नामावलीत नाव सगळ्यात आधी येणार होतं — आबांच्या आयुष्यात पहिल्यांदा. दुपारी दुकान बंद करायच्या वेळी आबा कागद घेऊन आले. यंत्र काढून काउंटरवर ठेवलं. "मी पाठ फिरवून उभा राहतो. तू हळू वाच, विंगेत वाचायचीस तशी. ऐकू आलं तर जातो. तू सांगशील ते खरं."

ते औषधांच्या कपाटाकडे तोंड करून उभे राहिले. मी वाचलं. मुद्दाम आवाज आणखी खाली नेला — मला तेही बघायचं होतं. बारा ओळी. एकेक ओळ ते म्हणत गेले, एकही अक्षर सुटलं नाही.

आणि मी उभ्या उभ्या हिशेब केला. कान चांगले ठरले, तर कुणीतरी त्या दुपारची आठवण काढणार. मंडळात माझा शब्द चालतो, तो चालणार नाही.

"मधल्या दोन ओळींत शब्द चुकीचे ऐकू आले तुम्हाला, आबा."

"कोणत्या?"

मला दोन ओळी निवडाव्या लागल्या. त्यांनी सगळ्यात सुंदर म्हटल्या होत्या, त्याच बोटाखाली आल्या. त्यांनी कागद बघितला. "इतक्या सोप्या ओळी," म्हणाले. मग तिथूनच पुण्याला फोन लावला — दुसरा माणूस बघा म्हणून.

तो सिनेमा मी नांदेडला जाऊन एकटीनं बघितला. दुसऱ्या नटानं त्या दोन ओळी घाईत उरकल्या. आबा गेलेच नाहीत. मी परत आल्यावर त्यांनी विचारलं, कसं केलं त्यानं? बरं केलं, म्हटलं मी. मी अगदी हळू बोलले होते, आणि यंत्र त्यांच्या खिशात होतं. "मग ठीक झालं," म्हणाले.

तीन वर्षांपूर्वी आबा वारले. शोकसभेत मी बोलले. कानांनी दगा दिला नसता तर, असं मी म्हणाले, आणि लोकांनी माना डोलावल्या. त्यांचे कान शेवटपर्यंत शाबूत होते. हे मला माहीत होतं. त्यांना नव्हतं.