आबांचं परतीचं तिकीट

नोकरीसाठी मी बेंगलोरला निघालो तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, मला सोडायला वसमतच्या स्टँडपर्यंत आले होते. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. गाडी लागली तरी ते खिडकीखाली तसेच उभे. शेवटी म्हणाले, "पोचल्यावर चिठ्ठी टाक. आन् पोटाला खात जा, लाजू नको." बस. आबा गवंडी होते. आमच्या जवळा बाजार गावाच्या आसपास त्यांनी कितीतरी घरं उभी केली, पण तोंडातून शब्द काढायचा म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. गावात राहिलेल्यांनो, तुम्हाला हे ठाऊकच आहे. माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांच्यासाठी पुढचं लिहितोय.

काही वर्षांनी आई गेली आणि आबा एकटे पडले. आक्का, माझी मोठी बहीण, कळमनुरीकडं दिलेली. ती येऊन-जाऊन असायची, पण तिलाही तिचा संसार. आबांनी माझ्याकडं राहावं असं मला मनापासून वाटायचं. पण या माणसाला गाव सोडून करमणार नाही, हे मी माझ्याच मनानं ठरवून टाकलं. म्हणून दोन हजार साल उलटल्यावर त्यांना बोलावलं ते पाहुणे म्हणून, तीन आठवडे शहर बघायला. पत्रात मात्र "इकडं या" एवढंच लिहिलं होतं. आल्या दिवशीच मोठ्या ऐटीत सांगितलं, "आबा, काळजी करू नका. परतीचं तिकीट आधीच काढून ठेवलंय, कन्फर्म आहे." त्यांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. "बराबर केलंस," म्हणाले.

मग मी त्यांना फिरवलं. विधानसौधासमोर, म्हणजे तिथल्या दगडी विधानभवनासमोर, लोक घुमटाचे फोटो काढत होते, आबा मात्र खाली जोत्याकडंच टक लावून. "येवढा दगड घडवला, त्या लोकायचे हात कसे असतील रं?" नव्या काचेच्या इमारती त्यांना काही पटल्या नाहीत. "ह्याला भिंतच न्हाई. दमल्यावर माणूस टेकतो कशाला?" लालबागेत झाडांना नावाच्या पाट्या बघून म्हणाले, "काहून? इथल्या लोकाला झाडं वळखू येत न्हाईत व्हय?" मी हसलो. घरी येऊन सुनंदाला, माझ्या बायकोला, साभिनय सांगितलंही.

आमच्या घराजवळ एक छोटा पार्क होता. तिथला म्हातारा माळी दखनी, म्हणजे तिकडची उर्दू, बोलायचा. आबांची वसमतच्या बाजारातली हिंदी आणि त्याची बोली, दोघांचं इतकं जमलं की विचारू नका! रोज सकाळी आबा तिकडं. एकदा बघतो तर माळ्याच्या पडलेल्या कट्ट्याच्या विटा नीट रचून देत होते. मातीनं भरलेले हात, आणि तोंडाची टकळी चालू. आबांना एवढं बोलताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

आपल्याकडं निघालेल्या पाहुण्याला पहिल्या शब्दाला कोणी जाऊ देत नाही. पिशवी लपवतात, "आजचा दिस ऱ्हावा" म्हणून दारात आडवे होतात. पाहुणाही "जातो" म्हणतो ते अडवावं म्हणूनच. हे सगळं बघत मी वाढलोय. आणि शेवटच्या आठवड्यात आबा पार्कात बसल्या बसल्या म्हणाले, "आता जावं म्हणतो," तर मी काय म्हणावं? "हो, शुक्रवारची गाडी आहे." दोन दिवसांनी जेवताना पुन्हा, "निघावं म्हणतो आता." मी म्हणालो, "मी रजा टाकलीय, स्टेशनवर येतो सोडायला." कंपनीत राहून राहून मला शब्दाचा तेवढाच अर्थ कळायला लागला होता. गाढव कुठला.

पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. माणसं पांगल्यावर आक्का जवळ येऊन बसली. "तुज्याकडं येतानी आबानं थापी, ओळंबा, समदी हत्यारं चुलतभावाला देऊन टाकली व्हती. मला म्हन्ले, आता मी पोराकडंच ऱ्हातो. मंग महिन्याच्या आत वापस! मी इचारलं, काहून आले? तर म्हन्ले, त्यानं जायचं तिकीट आधीच काढून ठेवलं व्हतं."

आक्का चिडलेली नव्हती. घर लहान असेल, सुनेला तकलीफ होत असेल, असं तिनंच माझ्या वतीनं समजून घेतलं होतं. आबांनीही तसंच घेतलं असणार. खरं तर आमची एक खोली रिकामीच पडून होती. मी ते आक्काला सांगू शकलो नाही, अजूनही सांगितलेलं नाही.

इथं ऑफिसात लोक विचारतात, तुमचं घर कुठलं? मी जिल्हा सांगतो, तालुका सांगतो. पण माझ्या घरात माझा बाप राहायला आला होता, आणि मी त्याला शहर दाखवून परत पाठवलं. तेव्हापासून घर म्हणावं असं मला कुठंच वाटत नाही.