बाबा प्यायले नव्हते

हे मी आजवर कोणालाच पूर्ण सांगितलेलं नाही. ज्याला जेवढं कळणं भाग होतं तेवढंच सांगितलं आणि उरलेलं गिळून टाकलं.

बाबा तीस वर्षं बोटीवर होते. सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम. आठ-दहा महिन्यांनी रत्नागिरीला घरी यायचे, दोनेक महिने राहायचे आणि त्या दोन महिन्यांत प्यायचे. मारझोड, आरडाओरडा असलं काही नाही. संध्याकाळी परत यायचे तेव्हा पाय वाकडे पडायचे, शब्द एकमेकांत अडकायचे. आई दारातच त्यांची हनुवटी धरून तोंडाचा वास घ्यायची. मी तिच्यामागे उभी राहून बघायचे. आई गेली त्या वर्षी त्यांनी दारू सोडली. शपथ नाही, नवस नाही. सोडली ती सोडलीच. त्याला आता अकरा वर्षं झाली. माझं लग्न झालेलं नाही. मी शाळेत शिकवते. घरात आम्ही दोघंच.

सहा वर्षांपूर्वी बाबांच्या हृदयातली झडप बदलली. नवी झडप धातूची आहे, तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यायची, जन्मभर. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं की दर महिन्याला रक्त तपासा, अंगदुखीच्या गोळ्या मनाने देऊ नका, आणि डोक्याला मार लागला तर कितीही किरकोळ वाटू दे, लगेच घेऊन या. तो कागद मी स्वतःच फ्रीजच्या दारावर चिकटवला होता. पहिली दोन वर्षं मी तो वाचत असे. नंतर त्याच्यावर दूधवाल्याचं कार्ड लागलं.

दिवाळीच्या आधी बाबा मागच्या पडवीतून सुकी लाकडं आणताना चौकटीवर आपटले. मी वह्या तपासत बसले होते. ते आत आले आणि कपाळाच्या वर हात दाबून म्हणाले, "चौकट लागली गो डोक्याला."

मी मान वर न करता म्हटलं, "बघून चालत जा ना, बाबा."

रक्त आलं नव्हतं. टेंगूळसुद्धा आलं नाही. त्यांनी चहा मागितला, मी दिला, आणि विसरून गेले. रक्ताची तपासणीसुद्धा दोन महिने झाली नव्हती. आधी परीक्षा होत्या, मग मतदार याद्यांचं काम होतं. दिवाळी झाल्यावर करू, असं म्हणत राहिले.

दिवाळीनंतर ते म्हणू लागले की डोकं जड वाटतं. मी माझ्या पर्समधली कंबरदुखीची गोळी त्यांना दिली. बरं वाटलं म्हणाले, म्हणून आणखी तीन-चार दिवस दिली. मग त्यांच्या हातून वस्तू पडायला लागल्या. आधी पेला पडला, मग चष्मा. एकदा अंगणातून येताना ते उजवीकडे कलत कलत तुळशीच्या कट्ट्याला धडकले आणि तिथेच हसत उभे राहिले. ते हसू मी ओळखलं. लहानपणी मी ते फार वेळा पाहिलं होतं.

त्या क्षणी मला सगळं कळलं असं वाटलं. दुसरं काही असू शकेल हे डोक्यात आलंच नाही. खरं सांगायचं तर मी येऊच दिलं नाही.

रोज दुपारी बाबांकडे त्यांचे एक मित्र येत. त्यांच्याच बोटीवर ते भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होते. त्यांना मी लहानपणापासून चाचा म्हणते. राजिवड्याला राहतात, पाच वेळची नमाज पढतात. दोघं ओट्यावर बसून जुन्या बंदरांच्या गोष्टी करत आणि चहाला आत येत. मला वाटू लागलं की मी शाळेत गेल्यावर दोघांचं काहीतरी चालतं.

एका रविवारी मी मुख्याध्यापिकाबाईंना आणि दोन सहकारी शिक्षिकांना जेवायला बोलावलं होतं. सुरमई तळली होती, सोलकढी केली होती. पानं वाढली आणि बाबा बाहेर आले. सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. बाईंना नमस्कार करून त्यांच्याशेजारीच बसले आणि काहीतरी सांगू लागले. शब्द अडखळत होते, एकाला दुसरा चिकटत होता. बाई कौतुकाने ऐकत राहिल्या. तेवढ्यात बाबांनी सोलकढीची वाटी उचलली, ती हातातून निसटली आणि सगळी बाईंच्या साडीवर गेली.

मी त्यांना दंडाला धरून उठवलं. मागच्या खोलीत नेलं, दार लोटलं, आणि आई करायची तशी त्यांची हनुवटी धरली.

"तोंड उघडा."

त्यांनी उघडलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, लहान मूल दाताच्या डॉक्टरसमोर उघडतं तसं तोंड उघडून माझ्यासमोर उभा राहिला. मी वास घेतला. वास आला भाताचा आणि लवंगेचा. मला वाटलं, दारूचा वास लपवायलाच लवंग खाल्लीय.

"अकरा वर्षं झाली, बाबा. लाज नाही वाटत?"

ते काहीतरी म्हणाले. मला कळलं नाही आणि मी पुन्हा विचारलंही नाही. खोलीला बाहेरून कडी लावून आले. स्वयंपाकघरात बाई साडी पुसत होत्या. त्यांच्या कानाशी लागून मी म्हटलं, "माफ करा, बाई. बाबांची जुनी सवय आहे. मध्ये सुटली होती." त्या म्हणाल्या, "असू दे गं, घरोघरी असतं." माझी अब्रू वाचली असं मला त्या वेळी वाटलं.

पाहुणे गेल्यावर मी बाटली शोधली. पलंगाखाली, गादीखाली, त्यांच्या बोटीवरच्या पत्र्याच्या पेटीत. पेटीतल्या वस्तू एकेक करून त्यांच्या डोळ्यांदेखत फरशीवर काढल्या. ते पलंगावर बसून बघत होते. बाटली मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून मी लवकर आले. चाचा ओट्यावर होते. म्हणाले, "बाय, ह्याची जीभ जड झालीय. डॉक्टरला दाखव."

मी म्हटलं, "जीभ कशाने जड होते ते मला माहीत आहे, चाचा. तुम्ही आणून देता ते बंद करा म्हणजे उतरेल."

त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते उठले, चपला घातल्या. एवढंच म्हणाले, "मी दारूला हात लावत नाही, बाय. आणि तोही नाही लावत."

"आता येऊ नका इथे," मी म्हटलं.

ते गेले. चार दिवस आले नाहीत. त्या चार दिवसांत मी बाबांशी कामापुरतंच बोलले. ते बराच वेळ झोपून असायचे. मी म्हणायचे, झोपू दे, उतरू दे.

पाचव्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमारास, बाबांना उलटी झाली. मी चिडूनच आत गेले. उलटीतही कसलाच वास नव्हता. उजवा हात पलंगाखाली लोंबत होता. मी हाक मारली तर डोळे उघडायचे आणि मिटायचे. शेजारी सगळे कामावर गेलेले. कोणाला फोन करावा सुचेना, आणि बोटांनी आपसूक चाचांचाच नंबर लावला. त्यांनी एक शब्द विचारला नाही. पुतण्याची गाडी घेऊन पंधरा मिनिटांत आले आणि बाबांना पायांकडून स्वतः उचललं.

सरकारी दवाखान्यात डोक्याचा स्कॅन केला. मेंदू आणि कवटी यांच्यामध्ये रक्त साचलं होतं. फोटोत ते चंद्रकोरीसारखं दिसत होतं, बरंचसं काळपट आणि मध्ये कुठे कुठे पांढरं. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, काळपट आहे ते जुनं, तीनेक आठवड्यांचं, पांढरं ते ताजं. गोळीमुळे रक्त गोठत नाही, म्हणून बारीकशी शीर फुटली तरी झिरपत राहतं आणि हळूहळू मेंदू दाबला जातो. रक्त पाहिजे त्याच्या दुप्पट पातळ झालं होतं.

"डोक्याला काही लागलं होतं?"

"नाही," मी ठामपणे म्हटलं.

चाचा मागे उभे होते. म्हणाले, "लागलं होतं, साहेब. दिवाळीच्या आधी. पडवीच्या चौकटीवर. मला सांगितलेलं त्याने."

तेव्हा मला आठवलं. हातातलं लाल शाईचं पेनसुद्धा आठवलं.

"दुखण्याची कुठली गोळी दिलीत?" मी पर्समधून काढून दाखवली. त्यांनी ती बघितली आणि कागदावर लिहून घेतली.

"बोलणं अडखळणं, तोल जाणं कधीपासून?"

"पंधरा दिवस."

"पंधरा दिवस? मग आणलं का नाहीत?"

चाचांनी उत्तर दिलं. "आम्हाला वाटलं वयाचं असेल, साहेब."

आम्हाला म्हणाले. त्या एका शब्दाखाली मी आजही मान वर करू शकत नाही.

रक्त पुन्हा गोठावं म्हणून तिथे इंजेक्शनं दिली आणि कोल्हापूरला पाठवलं. आंबा घाट चढून कोल्हापूर येईपर्यंत चाचा रुग्णवाहिकेत बाबांचा डावा हात धरून बसले होते. कोल्हापूरला कवटीला दोन भोकं पाडून रक्त काढलं. तिसऱ्या दिवशी बाबांनी मला ओळखलं. दहाव्या दिवशी घरी आलो. हात बराचसा परत आला, बोलणंही आलं. गोळी काही दिवस थांबवून पुन्हा सुरू करावी लागली, झडपेला ती हवीच. ते दोन-तीन आठवडे मात्र बाबांच्या आठवणीतून पुसले गेले होते. डॉक्टर म्हणाले, असं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहितानाही मला माझी किळस येते.

महिन्याभराने मुख्याध्यापिकाबाई फळं घेऊन बाबांना बघायला आल्या. निघताना मायेने म्हणाल्या, "आता जपा हं, काका. ते पिणं वगैरे पुन्हा नको."

बाबा गोंधळून म्हणाले, "पिणं? मी कुठे पितो?" आणि माझ्याकडे बघितलं.

मी गप्प राहू शकले असते. बाई गेल्या असत्या, बाबांना वाटलं असतं की बाईंचा काही गैरसमज झालाय. पण ते माझ्याकडे बघत होते.

"बाई, ते प्यायले नव्हते," मी म्हटलं. "तेव्हा डोक्यात रक्त साचत होतं. मीच तुम्हाला तसं सांगितलं."

बाईंनी पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेतली आणि निरोप घेतला. मग मी बाबांना सगळं सांगितलं. वास, कडी, पेटी, चाचा. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "तुझ्या आईने वास घेतला तेव्हा मी प्यायलेला असायचो गो. तुझी काय चूक."

त्यांनी मला रागावायला हवं होतं. माफी मिळाली, पण त्यांच्या जुन्या पापातून काढून दिलेली. ती घ्यायची कशी?

"पण त्याला म्हणालीस ते वाईट," ते पुढे म्हणाले. "त्याच्याकडे जा."

मी गेले. चाचांच्या बायकोने खुर्ची दिली. मी माफी मागितली, नीट मागता आली नाही, मध्येच रडले. चाचा म्हणाले, "वाईट वाटलं, बाय. खोटं कशाला बोलू? चाळीस वर्षांत तुझ्या बापाने मला एकदा ग्लास पुढे केला नाही, बोटीवरसुद्धा. आणि तू म्हणालीस मी त्याला पाजतो." मग बायकोला म्हणाले, "हिला चहा दे."

आता ते पुन्हा येतात, रोज दुपारी. दर महिन्याला बाबांना रक्त तपासायला तेच घेऊन जातात आणि आकडा मला फोनवर सांगतात. पण ओट्यावरच बसतात. मी दोनदा म्हटलं, "आत या ना, चाचा." दोन्ही वेळा म्हणाले, "इथे वारा बरा आहे." तिसऱ्यांदा विचारायला मला तोंड नाही. मी चहा बाहेरच नेऊन देते.