सोनायाडीचा दिवस

हैदराबादेला निघाले त्या सकाळी बा माझ्यासोबत हायवेपर्यंत चालत आला. नर्सिंग संपलं होतं, एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली होती आणि पांढरकवड्याहून येणारी बस आमच्या तांड्याच्या फाट्यावर हात दाखवला तर थांबायची. याडी, म्हणजे माझी आई, घरीच थांबली. दारातून ती एवढंच म्हणाली, "तिकडं कोणी कुठल्या तांड्याची इचारलं तं सांगू नको. आपल्या कामाशी काम ठेव." बाला ते पटलं नव्हतं. फाट्यावर माझी बॅग खाली ठेवत तो म्हणाला, "लपवाचं काय हाय त्याच्यात?" बस निघाली, पैनगंगेचा पूल गेला, पाट्यांवरची अक्षरं बदलली, तरी त्या दोघांचं भांडण माझ्या डोक्यात चालूच होतं.

याडी तसं का म्हणाली, हे तांड्यात राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं तांडा सोडून आलेल्यांना सांगायची गरज नाही. आपली मुलं मात्र आता इंग्लिश मीडियममध्ये शिकतात. त्यांच्यासाठी लिहिते.

मी शाळेत होते तेव्हा शेजारच्या गावातल्या पुंडलिकरावांच्या विहिरीवरचा मोटरपंप चोरीला गेला. पुंडलिकराव मोठे कास्तकार. आमची जमीन थोडी, म्हणून बा त्यांच्या वावरातही कामाला जायचा. पोलिसांनी संशय कोणावर म्हणून विचारलं आणि पुंडलिकरावांनी बाचं नाव सांगितलं. जीप आली, बाला घेऊन गेली. तेव्हा आसपास काहीही हरवलं की जीप आधी तांड्यावरच यायची. तांड्यातला माणूस म्हणजे चोर, असं धरूनच लोक चालायचे.

सोनायाडी आमच्या नात्यातली नव्हती. पण सगळा तांडा तिला याडीच म्हणायचा. ती घरोघरी फिरली, बायकांना गोळा केलं आणि सरळ ठाण्यात जाऊन अंगणात बसली. माझ्या आईनं मलाही नेलं होतं. सोनायाडी आवाज न चढवता म्हणाली, "साहेब, पुरावा असन तं दाखवा. नसन तं मानूस सोडा. तांड्यात राह्यनं हा काही गुन्हा नाही." संध्याकाळी बायकांनी तिथंच तीन दगड मांडून भाकरी केल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बाला सोडलं. त्याचा उजवा हात सुजला होता. पंप कोणी नेला, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

सोनायाडी त्यानंतर थांबली नाही. जिथं कुणाला नुसत्या संशयावरून उचललं तिथं ती जायची. आमच्या तांड्यावर, दुसऱ्या तांड्यांवर, कोलामांच्या पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवरही. यवतमाळला साहेबांच्या दारात दिवस दिवस बसायची. हळूहळू ती जीप विनाकारण यायची बंद झाली. हे लिहायला एक ओळ लागते, तिचं अर्धं आयुष्य त्यात गेलं.

ती गेली तेव्हा मी हैदराबादेत होते. तांड्यातली पोरं म्हणाली, फाट्यावर पुतळा बसवू, दरवर्षी डीजे लावू. पण जाण्याआधी ती सांगून गेली होती, "माया फोटोले हार घालू नका. ज्याचं काम अडलं असन त्याच्या वावरात जा, आन् मंग सगळे एका पंगतीत जेवा." तेव्हापासून पौषात सोनायाडीचा दिवस असतो. तांडा, गाव, पोड, सगळीकडची माणसं येतात. कुणाचं घर शाकारतात, कुणाचा कापूस वेचून देतात.

एका वर्षी बाचा फोन आला. मी वॉर्डात होते, ड्युटी बदलायची वेळ होती. बा म्हणाला, "यंदा पुंडलिकरावची तूर सोंगाची ठरली." त्यांची तूर आपण कापायची? मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पुंडलिकरावांना लकवा मारला होता. मुलगा पुण्याला, त्याला रजा मिळत नव्हती. मजूर मिळत नव्हते आणि वाळलेल्या शेंगा फुटायला लागल्या होत्या. मागून आईचा आवाज आला, "सांग तिले, मी येनार नाही म्हणून."

मी रजा टाकली आणि गेले. सकाळी वावरात पाहिलं तर बा सगळ्यांच्या पुढं होता. विळा चालवताना त्याचा उजवा हात थोडा अडखळायचा, पण तो थांबला नाही. दुपारपर्यंत तुरीच्या पेंढ्या खळ्यावर लागल्या. मग लिंबाखाली पंगत बसली, निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी. पुंडलिकरावांना खुर्चीवर आणलं होतं. त्यांनी हातानं खुणावलं, मला खाली बसवा. पूर्वी त्यांच्याच वावरात आमचं जेवण बांधावर, वेगळं असायचं. आता ते बाच्या शेजारी मांडी घालू पाहत होते आणि पाय ऐकत नव्हता.

माझी याडी कधी आली ते मला कळलं नाही. वाढायला माणूस कमी पडला म्हणून तिनं टोपली उचलली होती.

पुंडलिकरावांचं बोलणं जड झालं होतं. ते बाला म्हणाले, "थावरा, त्या वक्ती म्या काहीच पाह्यलं नव्हतं. तरी तुयं नाव सांगतलं."

बा ताटाकडे बघत म्हणाला, "मले मालूम हाय." मग त्यांचं ताट जवळ सरकवत म्हणाला, "जेवा. थंडं होऊन राह्यलं."

याडी टोपली घेऊन त्यांच्यासमोर उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मग तिनं एक रोडगा घेतला, लकवा झालेल्या हाताला फोडता येणार नाही म्हणून स्वतः कुस्करला, आणि त्यांच्या ताटात घालून पुढं गेली.

परतताना मी बाला विचारलं, "राग गेला का?"

"कायले जाईन? हाय ना." बा चालत राहिला. "पन सोनायाडी मायासाठी ठाण्यात बसली, तवा तिनं इचारलं नव्हतं, थावरा चांगला मानूस हाय का म्हणून."

आता हैदराबादेत आमचा फ्लॅट आहे. मुलं तेलुगू, हिंदी, इंग्लिश एकाच वाक्यात बोलतात. वॉर्डात तेलंगणातल्या तांड्यांवरचे पेशंट येतात, मी गोरबोलीत, आमच्या तांड्याच्या बोलीत, बोलले की त्यांचे चेहरे सैल पडतात. आई-बा इकडे राहायला येत नाहीत, मीही आता आग्रह करत नाही. दिवाळीला जाणं जमतंच असं नाही, पण पौषातली रजा मी कितीतरी महिने आधीच मागून ठेवते.

गेल्या खेपेला बसला उशीर झाला. वावरात पोचले तेव्हा काम निम्मं उरकलं होतं. कुणी विचारलं नाही, कधी आलीस, किती दिवस आहेस. कापसाची एक ओळ मध्येच तशीच ठेवलेली होती, दोन्ही बाजूंनी वेचून झालेली. याडीनं वर न बघताच सांगितलं, "ते तुयी हाय." मी ओढणी कमरेला बांधली आणि वाकले.