पंपाने खाल्लेले तेरा युनिट

काटकसरीत माझा हात धरणारा माणूस आदिलाबादेत नाही, हे मी स्वतः सांगतो म्हणून खोटं मानू नका. इंद्रवेल्लीच्या बाजारात मी एकदा टरबुजाचा भाव इतका पाडला की विकणाऱ्याने मला परतीचं बसभाडं दिलं, मी लवकर जावं म्हणून. साबणाची एक वडी मी इतकी पातळ होईस्तोवर वापरली की तिच्यातून पलीकडची भिंत दिसायची. तर अशा माणसाला त्याच्याच घरात कोणी हरवलं, त्याची ही हकीकत.

माझं बाजारात दोर-सुतळीचं दुकान आहे. बायको घरी ब्लाउज शिवते. मुलगी नोकरीला हैदराबादला, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. बायको पैनगंगेच्या पलीकडची, लग्न करून इकडे आली तेव्हा शिलाई मशीन सोबत घेऊन आली. तेव्हापासून ती पायानंच चालवते. मी मोजलं आहे, तेवढी पायडल तिनं सायकलला मारली असती तर ती तीनदा काशीला जाऊन आली असती. गेल्या दोन वर्षांत मात्र तिचे गुडघे सुजायला लागले. डॉक्टरांनी पायडल बंद करा म्हणून सांगितलं. तिनं मला सांगितलं, मशीनला करंटची मोटार बसवून द्या.

मी नाही म्हणालो नाही. मी कधीच नाही म्हणत नाही, त्यात वाद होतो. मी म्हणालो, मोटार बसवू, पण तिचा करंट कुठून आणायचा? आमच्याकडे सरकारी योजनेमुळे महिन्याला दोनशे युनिटांपर्यंत बिल शून्य येतं. दोनशेच्या वर एक जरी गेला तरी आख्खं बिल भरावं लागतं. उन्हाळ्यात कूलर लागला की आम्ही दरवर्षी वर जायचो. त्यात आणखी मोटार? माझं म्हणणं बिनतोड होतं. मी जेवायला बसलो.

ती म्हणाली, "मे महिना दोनशात बसवून दाखवला तर?"

मे महिन्यात आदिलाबादेत कावळासुद्धा चालत जातो, उडत नाही, पंख पोळतात. मी बिनधास्त म्हणालो, बसव, दुसऱ्या दिवशी मोटार आणतो.

मग आमच्या घराचा दवाखाना झाला. ती रोज संध्याकाळी बॅटरी घेऊन मीटरपाशी जायची आणि तापाच्या रोग्याचा पारा सांगावा तसा आकडा सांगायची. आज सात. आज सहा. कूलर बारा ते तीन. टीव्ही मुका आणि आंधळा. मिक्सर कपाटात, चटणी पाट्यावर. रात्री झोपायला गच्चीवर. मला मोबाईल दुकानात चार्ज करून आणायची ताकीद. मी आपला गंमत बघत होतो, पण महिना सरत आला तसं माझ्या लक्षात आलं की बाई जिंकून राह्यली आहे.

आता शेजारच्या काकांबद्दल सांगायला हवं. ते मंचेरियलच्या कोळसा खाणीतून रिटायर होऊन इकडे घर घेऊन राहिलेले. माणूस तेलुगू, एकटा, आणि मनानं इतका सरळ की त्यांच्याकडे बघून सुतार रंधा मारत असेल. आमची दोन्ही घरं मिळून बोअर एकच. त्याचा पंप एक महिना त्यांच्या मीटरवर, एक महिना आमच्या. मे आमचा होता. बटण मात्र त्यांच्या ओसरीवर, कारण ते दिवसभर तिथंच बसलेले असत. बायको गच्चीवर टाकीपाशी उभी राहून ओरडायची, भरली, बंद करा. काका बटण दाबायचे.

त्या दोघांचं सूत फार चांगलं. ते तिला बिड्डा म्हणायचे, म्हणजे पोरी. ते तिच्याकडून मराठी शिकत होते आणि ती त्यांच्याकडून तेलुगू. बाजारातलं कामापुरतं तेलुगू तिला आधीही येत होतं, पण आता तिला नीट बोलायची हौस आली होती. दोघं एकमेकांचा मान ठेवायचे, म्हणजे ती त्यांच्याशी तेलुगू बोलायची आणि ते तिच्याशी मराठी. ऐकणाऱ्याला वाटावं, दोघांची तोंडं बदलली आहेत.

महिना संपायला तीन दिवस होते. सकाळी मीटरवर महिन्याचे युनिट झाले होते एकशे पंच्याऐंशी. रोज चार धरले तरी ती आरामात आत बसत होती. त्या दिवशी तलमडुगुला लग्न होतं. नवरीचे नि करवल्यांचे ब्लाउज तिनंच शिवलेले, ते पोचवायचे होते. दोन माणसांचं जेवण फुकट म्हणून मीही निघालो. ऑटोवाला दारात हॉर्न वाजवत होता. टाकी भरली तशी तिनं गच्चीवरून ओरडून सांगितलं, "काका, चालु! चालु!"

तेलुगूत चालु म्हणजे पुरे. वाढणाऱ्याला ताटावर हात धरून म्हणतात तसं. मराठीत चालू म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. ती त्यांच्या भाषेत बोलली, आणि काकांनी तिच्या भाषेत ऐकलं. त्यांनी हात वर करून बरं म्हटलं. आम्ही ऑटोत बसलो.

संध्याकाळी सहाला परत आलो तर गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबला. पुढे पाणी होतं. एरवी आमच्या बोअरला मे महिन्यात अर्ध्या तासात धाप लागते, पण त्या दिवशी त्याला काय स्फुरण चढलं होतं कोण जाणे. करंटही दिवसभरात एकदा गेला नाही, हे आदिलाबादच्या इतिहासात पहिल्यांदा झालं असेल. गल्लीतल्या बायांनी गोधड्या धुवून घेतल्या होत्या. दोन म्हशी आमच्या दारात बसून होत्या आणि उठायला तयार नव्हत्या. माझ्या अंदाजानं शहराचा उन्हाळा दोन डिग्रीनं उतरला होता. आणि काका बटणापाशी खुर्ची टाकून पहारा करत होते. जेवणाचं ताटही त्यांनी तिथंच आणलं होतं. कोणी विचारलं तर सांगत होते, बिड्डा चालू म्हणून गेली, तिच्याकडे लग्नाची काही रीत असेल.

बायकोनं आधी बटण दाबलं. मग म्हशींना वळसा घालून मीटरपाशी गेली. एकशे अठ्ठ्याण्णव. ती परत आली.

"काका, मी चालु म्हणलं होतं ना?"

"हो बिड्डा. चालूच ठेवला."

"मी तेलुगूत म्हणलं."

काकांचा चेहरा बघवत नव्हता. ते हळूच म्हणाले, "तू तेलुगूत म्हणली काय? मी तर मराठी समजून राह्यलो." आणि दोन्ही हातांनी डोकं धरून खाली बसले.

मी चेहरा शक्य तितका दुःखी केला. आतून मात्र मोटारीचे पैसे वाचले म्हणून मला उकळ्या फुटत होत्या. मी तिला समजुतीच्या सुरात म्हणालो, जाऊ दे, तुझी काही चूक नाही, आता गेलंच तर कूलर लाव, दोघंही सुखानं झोपू.

"गेलं कुठं? दोन हायेत की अजून," ती म्हणाली.

काकांनी भिंतीवरून वायर टाकतो म्हणून सांगितलं. त्यांच्या एकट्याचं मीटर ऐंशीच्या पुढं कधी गेलेलं नव्हतं. म्हणाले, पंखा लावा, कूलर लावा, माझ्या पापाचं तेवढं तरी फिटू दे. मी लगेच हो म्हणणार होतो. पण ती म्हणाली, "नको काका. मंग हे गावभर सांगतीन, उसन्या करंटवर जिंकली म्हणून." माणूस बायकोला ओळखतो असं म्हणतात, पण बायको माणसाला किती ओळखते याचा विचार कोणी करत नाही.

मग संध्याकाळी स्वयंपाकापुरता एक दिवा, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानातून जेवायला आलो तेव्हा ती शेजारच्या गल्लीत मापं घ्यायला गेली होती. घर भट्टीसारखं तापलेलं. मी ठरवलं, अर्धा तास कूलर. कोणाला कळणार आहे? बटण दाबलं, काही नाही. बोर्ड उघडला तर फ्यूजच जागेवर नाही. फ्यूज तिनं कमरेच्या बटव्यात घालून सोबत नेला होता. मी घामात बसून भाकर खाल्ली. इतका घाम आला की भाजीत मीठ लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी मीटर वाचणारा यायला हवा होता. आला नाही. ती दिवसभर दाराकडे बघत मशीन पायानं चालवत होती. काका त्यांच्या ओसरीत पंखा बंद करून बसले होते. मी म्हणालो, तुम्ही काऊन शिजता? ते म्हणाले, बिड्डा बसली तर मी कसा लावू.

चौथ्या दिवशी अकरा वाजता तो आला. त्यानं मीटरवर बघितलं, हातातल्या बिलाच्या मशीनमधून कागद काढला. माझ्या बाकीच्या गोष्टींतलं निम्मं सोडून द्या, पण हा आकडा छापलेला आहे, कागद घरात आहे: एकशे नव्व्याण्णव. बिल शून्य.

मी हरणारा माणूस नाही. मी म्हणालो, अभिनंदन, पण एकच युनिट उरला. एका युनिटात मोटार कशी बसवायची, तूच सांग.

ती बटव्यातून फ्यूज काढून बोर्डात बसवत होती. तिनं मान वळवली नाही. "पंपानं एका दिवसात तेरा खाल्ले, तरी बसलं ना? मशीनची मोटार महिनाभर चालली तरी तेवढे खात नाही. मी इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारून आली."

काका ओसरीवरून ऐकत होते. मराठीत म्हणाले, "बरोबर हाये. तेरा मीच खाल्ले, मी साक्षी."

सगळं आयुष्य मी गिऱ्हाइकाला शेवटचा शब्द बोलू दिलेला नाही, पण त्या दिवशी तो काकांना मिळाला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मोटार घ्यायला गेलो. भावाची घासाघीस मी करणार होतो, ती तिनंच केली, आणि मला सांगायला लाज वाटते, माझ्यापेक्षा चांगली केली.

आता मोटार चालते. गुडघ्यांची सूज उतरली आहे. चोळायच्या मलमाची ट्यूब आठवड्यात संपायची, ती आता दोन महिने पुरते. मोटारीचा खर्च त्या मलमातूनच निघून येणार, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगतो. मोटार बसवायची कल्पना मुळात कोणाची, असं अजून तरी कोणी विचारलेलं नाही.