सात विहिरी

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवतो. औरंगाबादच्या एका प्रयोगशाळेत मी कुत्रं पिसाळण्याच्या रोगावर संशोधन करायचो. चावलेल्या माणसाला तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. ती घेतल्यावर त्याच्या रक्तात त्या विषाणूशी लढायची ताकद किती दिवसांत येते, हा माझा विषय. त्यासाठी माणसांचं रक्त लागायचं आणि मेलेल्या कुत्र्यांची डोकी, कारण कुत्रं खरंच पिसाळलेलं होतं का, हे मेंदूतूनच कळतं. राजूरजवळच्या आमच्या गावात गेलो की मी बजावायचो, "मारायचंच असंल तर डोकं सोडून मारा रे, मेंदू शाबूत पाहिजे." लोक खो खो हसायचे.

एका उन्हाळ्यात वहिनीला कुत्रं चावलं. पोटरीचा लचकाच तोडला. दादानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं त्याला ओट्यावरच ठेचलं. दुसऱ्या दिवशी मी पोचलो, तेव्हा डोक्याचा चेंदामेंदा झालेला आणि त्यावर माश्या.

"अरे, काय करून ठेवलंस हे!" मी ओरडलो.

"बायकोच्या पायाला लटकल्तं. मंग काय त्याची आरती ओवाळू?"

बरं, इंजेक्शनाचा पत्ता नव्हता. आमच्याकडं कुत्रं चावलं की माणसाला सात विहिरींत डोकवायला लावतात. पाण्यात कुत्रं दिसलं तर खेळ खलास, आपलंच तोंड दिसलं तर भ्या न्हाई. दादानं वहिनीला सातही विहिरींवर फिरवून आणली होती आणि सगळीकडं तिला तीच दिसली होती. "आता कशाला त्या सुया?" तो म्हणाला. मी त्याची गचांडी धरून भिंतीवर आपटला. थोरल्या भावावर हात टाकला, भर अंगणात, आईसमोर. मग वहिनीला सरपंचाच्या जीपमध्ये ओढत नेऊन घातलं आणि जालन्याच्या दवाखान्यात तिला पहिलं इंजेक्शन टोचवल्यावरच दम घेतला.

त्या डोक्यातलं उरलंसुरलं मी तुपाच्या रिकाम्या डब्यात भरलं. जुन्या जालन्यात बर्फ घेतला, पण एसटीत त्याचं पाणी झालं. प्रयोगशाळेत झाकण काढलं आणि सडका वास नाकात घुसला. असला नमुना तपासायचाच नसतो. एखाद्या विद्यार्थ्यानं आणला असता, तर डब्यासकट त्याला हाकलला असता. मी मात्र तो डबा फ्रीजमध्ये ठेवून दिला.

सहाव्या इंजेक्शनानंतर वहिनीचा फोन आला. "भाऊजी, पोटाचा दगड झालाय हो. लुगडं टेकलं तरी जीव जातो. त्या कुत्र्यात काही व्हतं का, खरं सांगा." ती रडून राह्यली होती. मी काचेवर मेंदूचा लगदा पसरला. रोग असला की पेशींत लालसर ठिपके दिसतात. पेशीच धड उरल्या नव्हत्या, तरी सूक्ष्मदर्शकात डोकावून दोन तास डोळे फोडून पाहिलं. एकही ठिपका नाही. मला तो नकोच होता.

"काही न्हाई वहिनी, साधं कुत्रं व्हतं," मी फोनवर सांगितलं. माझ्या शब्दावर तिनं इंजेक्शनं बंद केली.

महिनाभरानं निरोप आला आणि मी धावलो. वहिनीला खाटेला दाव्यांनी बांधलं होतं. मनगटं सोलून रक्त आलेलं, तोंडाला फेस. पाण्याचा तांब्या दिसला की घसा आवळायचा आणि ती अशी उसळायची, की चार बाप्ये तिला धरायला कमी पडायचे. दाराशी वारा आला तरी किंचाळायची. मध्येच शुद्धीवर आली, मला ओळखलं. "भाऊजी, तुम्ही तर न्हाई म्हनले व्हते..." एवढंच बोलली आणि पुन्हा उसळली. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

स्मशानातून परतल्यावर दादानं तोच दांडा उचलला. पाठीवर, खांद्यावर, जिथं बसंल तिथं हाणला. लोक सोडवायला धावले. मीच म्हणालो, "मारू द्या त्याला." खांद्याचं हाड मोडलं, ते अजून थंडीत ठणकतं. शेवटी तोच दमला आणि खाली बसून हमसून हमसून रडायला लागला.

"मी अडाणी. मी तिला सात विहिरी दाखवल्या," तो म्हणाला. "आठवी तर तूच दाखवली ना रे?"