रिकाम्या हाताचा फोटो

पुण्याहून निघताना मुलीने विचारले, "बाबा, वर्ध्यात आता आपलं कोण आहे?" मी केळझरच्या गणपतीचे नाव सांगितले. ते अगदीच खोटे नव्हते. पण पिशवीत, कपड्यांच्या घडीत एक जुनी पुस्तिका होती, आणि तिच्या मुखपृष्ठावरच्या माणसाला भेटायला मी चाललो होतो.

वर्ध्याला सकाळी उतरलो. थंडी चांगलीच होती. स्टेशनबाहेर तर्री-पोहे (पोह्यांवर चण्याचा झणझणीत रस्सा) नाक पुसत खाल्ले आणि मग माझ्या जुन्या फोटो स्टुडिओच्या जागेवरून चक्कर मारली. तिथे आता मोबाइलची कव्हरे विकतात. वाईट वाटले नाही, उलट हलके वाटले.

एसटीत खिडकीजवळ बसलो तर काच सरकेना. कंडक्टर म्हणाला, "काकाजी, थे बंद होत नाई. मफलर बांधा अन् थंडी खा फुकट." सेलू मागे पडले. दोन्ही बाजूंना फुटलेली कपाशी आणि तिच्या ओळींमध्ये पिवळ्या फुलांची तूर. हा रंग पुण्यात विसरलो होतो.

केळझरला उतरून आधी टेकडी चढलो, गणपतीपुढे बसलो. खरे तर वेळ काढत होतो. ज्यांना भेटायचे ते शामराव जन्मापासून आंधळे. आयुष्यभर त्यांनी कापूस पारखला. गाडी बाजारात नेण्याआधी शेतकरी त्यांना घरी बोलवायचे. ते दोन अंगठ्यांत तंतू ताणून लांबी सांगत आणि सरकी दाताखाली धरत. वाळलेली सरकी कट्कन फुटते, ओली नुसती दबते. मग माल न्यायचा की आणखी ऊन द्यायचे, ते ठरे.

तीसेक वर्षांपूर्वी एका संस्थेला देणगीच्या पुस्तिकेसाठी फोटो हवा होता. चिटणीस म्हणाले होते, "बघणाऱ्याला रडू आलं पाहिजे, नाहीतर खिशात हात जात नाही." मी शामरावांचा कापूस हातात धरलेला फोटो काढला. मग म्हणालो, "आता कापूस खाली ठेवा. घड्याळ काढा. हात तसाच पुढे राहू द्या, फक्त उजेड पाहायचा आहे." छापला तो हा दुसरा फोटो. खाली ओळ होती, 'या ओंजळीत तुमची दया पडू दे.' शामरावांना मात्र मी सांगितले, कापसाचाच छापलाय, झकास आलाय. त्या पुस्तिकेनंतर मला आणखी तीन संस्थांची कामे मिळाली.

घर सापडायला त्रास झाला नाही. पुढच्या खोलीत छातीएवढा कापसाचा ढीग होता आणि दारात शामराव उन्हात बसले होते.

"कोण व्हय?"

"वर्ध्याचा फोटोवाला."

"थो उजेड पाह्यणारा?"

पाठ केलेली सगळी वाक्ये विसरून मी एवढेच म्हणालो, "तुम्हाला कळलं होतं?"

"त्याच मयन्यात. बाजारात एकानं वाचून दाखवलं. अडत्या म्हणे, भिकाऱ्याची पारख कायले मानता बाप्पा! एक हंगाम मले कोणी बलावलं नाई. माह्या बायकोनं थे पुस्तक चुलीत घातलं."

मी माफी मागितली. "जेवा आंधी," ते म्हणाले.

सूनबाई मंदाने भाकरी, वांग्याचे भरीत आणि भेदराची (टोमॅटोची) चटणी वाढली. वर मूठभर सांबार (कोथिंबीर). मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. शामराव हसले. "पश्चात्तापात भूक बरी लागते काहो तुमाले!"

मग तेच सांगू लागले. "मागच्या साली एक पोरगी आलती व्हिडिओ काढाले. तिनं लेहलं, शामरावच्या बोटात देवाची शक्ती हाये. लाखानं पाह्यला म्हणे. मंग लोकं मले लॉटरीचा नंबर इचाराले याले लागले! तवा तुमाले भिकारी पायजे होता, आता या लोकायले देव पायजे. माणसाचा फोटो काऊन नाई काढत कोणी?"

"मामाजी, देव असते तर परवा चुकले नसते," मंदा आतून म्हणाली. "वाळला म्हणाले, अन् ओला निघाला कापूस. भाव कापला त्या अडत्यानं."

"सर्दी झालती मले."

"सर्दी नाकाले होते, दाताले नाई."

आम्ही तिघेही हसलो. मग शामरावांनी ढिगातला कापूस हातात घेतला, मनगटावरचे घड्याळ चाचपले आणि म्हणाले, "काढा आता. उजेड पाहू नका."

मुलीने दिलेल्या मोबाइलवर मी एकच फोटो काढला. त्यांनी माझ्याकडून मोबाइल घेतला आणि आतून आलेल्या मंदापुढे धरला. "तू सांग. हा म्हातारा काय करून राह्यला?"

तिने नीट पाहिले. "कापूस ताणून राह्यले. तोंड वाकडं केलं हाये. माल काही पसंत नाई दिसत."

"मंग बराबर हाये," शामराव म्हणाले. "खाली लेहा, शामराव, कापूस पारखते. कधी कधी चुकते."

निघताना त्यांनी मला थांबवले आणि तळहातावर एक सरकी ठेवली. मी चावून पाहिली. मला काहीच कळले नाही, म्हणून ते खूश झाले.

परतीच्या गाडीत छान झोप लागली. मी वाईट फोटो काढत नव्हतो. देणाऱ्याला जे पाहायचे होते, ते चोख काढून देत होतो, आणि ज्याचा फोटो त्याला काय दाखवायचे आहे हे विचारायचे कधी सुचलेच नाही. हे इथे लिहून ठेवतो.

इथपर्यंतचा मजकूर आणि फोटो मी एका मासिकाच्या संपादकांकडे पाठवला. त्यांचा फोन आला. लेख आवडला होता. फक्त फोटोखालचे 'कधी कधी चुकते' काढावे, त्याने परिणाम कमी होतो, असे त्यांचे म्हणणे पडले. मी म्हटले, "मग फोटोही छापू नका."

त्यांनी फोटो आणि ती ओळ, दोन्ही छापायचे कबूल केले आहे.